द्राक्षतोडीच्या दिवसांत काखेती

द्राक्ष बागायतदाराला वर्षातून एकदाच निवांत घराबाहेर पडता येतं, ते भाद्रपदाच्या आसपास. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे काडीसाठीची, होऊन काडी पिकलेली असते आणि गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, अजून अवकाश असतो. डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांचा धाक याही दिवसांत असतोच, पण फवारणी धाकट्या भावावर सोपवून निघता येतं. निफाड तालुक्यातल्या आमच्या घरात सहल म्हटली की सप्टेंबर, हे लहानपणापासून ठरलेलं. त्यामुळे आई-अण्णांना परदेश दाखवायचं ठरलं तेव्हा महिना ठरवायचा नव्हता, फक्त देश ठरवायचा होता. मी जॉर्जिया निवडला, कारण तिथे सप्टेंबरात द्राक्षतोड असते. जॉर्जियाच्या पूर्वेला काखेती नावाचा प्रांत आहे, देशातली बहुतेक द्राक्षं तिथे होतात. तिबिलिसीहून सकाळी निघून रात्री परत येता येतं.

काखेतीला मोठ्या बसेस जातात. दिवसभरात चार वायनरी, प्रत्येक ठिकाणी रांगेत उभं राहून चाखणी आणि सामान घ्यायला अर्धा तास. अण्णा माळकरी आहेत. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी आहे. त्यांना चाखायचं काहीच नव्हतं, त्यांना बाग बघायची होती. म्हणून गाडी आणि गाईड फक्त आमच्यापुरता घेतला. पैसे गाडीचे ठरतात, माणशी नाही, तिघांत फार जड जात नाही. गाईडला आधीच मेसेजवर कळवलं होतं, की मोठा कारखाना नाही दाखवलात तरी चालेल, पण एखाद्या शेतकऱ्याच्या घरी न्या, आम्हाला ओळीत उतरू द्या, आणि जेवण बिनमांसाचं सांगून ठेवा. त्याने एका ओळीत उत्तर पाठवलं, "माझं आजोळ तिथलंच आहे." तिथेच माझा निर्णय झाला.

त्याने सरळ हमरस्ता न धरता गोंबोरीच्या घाटाने गाडी घातली. घाटमाथा १,६०० मीटरच्या वर आहे. चढताना दोन्ही बाजूंना बीचचं दाट जंगल, वळणावळणावर मध विकणारे. आमचे डोळे सह्याद्रीला सरावलेले, सपाट माथा आणि त्याखाली काळा कातळ, सातमाळ्याची रांग असो की त्र्यंबकचा ब्रह्मगिरी. घाट उतरताना झाडी विरळ झाली आणि समोर जे उघडलं त्याला आमच्याकडे जोड नाही. खाली अलाझानी नदीचं रुंद, सपाट खोरं, त्यात जिथवर नजर जाईल तिथवर बागा. आणि खोऱ्याच्या पलीकडच्या काठावर कॉकेशसची सलग रांग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कुठे खिंड नाही. खोरं समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे मीटरवर आणि शिखरं तीन हजारांच्या वर, त्यामुळे डोंगर हळूहळू चढत जात नाही, एकदम उभाच राहतो. त्याच्या मागे रशियाचा दागेस्तान. गाईडने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. अण्णा मात्र शेतकऱ्याच्या हिशोबात होते. "उत्तरेचं वारं अडवत असणार हा," म्हणाले. गाईड म्हणाला, अगदी बरोबर, हा डोंगर नसता तर इथे द्राक्ष टिकलं नसतं. निफाडला उत्तरेकडून गार वारं सुटलं की पारा चार-पाच अंशांवर येतो आणि मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या कराव्या लागतात. अण्णांना अशा एका डोंगराची किंमत सांगायला नको.

मग त्यांनी विचारलं, "गारा?"

गारा इथेही आहेत. डोंगर जवळ असल्यामुळे उन्हाळ्यात ढग चढतात आणि बघता बघता बाग झोडपून निघते. २०१५ पासून सरकारने गारपीट रोखण्यासाठी काखेतीत यंत्रणा पुन्हा उभी केली आहे. रडारवर ढग पाहायचा आणि जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडची रॉकेटं सोडायची. गाईडने हे सहज सांगितलं, पण मागच्या सीटवर शांतता पसरली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. काढणीला आलेला माल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाखाली चालताना पायाखाली मणी फुटत होते, तो आवाज मला आजही ऐकू येतो. रॉकेटांनी गारा कितपत थांबतात यावर वाद आहेत. तरी कोणीतरी ढगाकडे रोखून बघतं आहे, एवढ्यानेही शेतकऱ्याला धीर येतो असं मला वाटतं.

अलावेर्दीचा मठ वाटेवरच लागला. ११व्या शतकातलं चर्च, ५० मीटरहून उंच, आजूबाजूला काहीच उंच नसल्यामुळे कितीतरी दुरून दिसतं. तिथले साधू स्वतः वाईन करतात. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि ती थेट आत गेली, बाकीच्या बायका दारातल्या टोपलीतला रुमाल शोधत होत्या.

आणि मग ते घर. तेलावीजवळच्या एका खेड्यात, लोखंडी फाटकाच्या आत अंगणावर वेलीचा मांडव, मागे दीड-दोन एकरांची बाग. तोड चालू होती. सगळं घरचंच माणूसबळ, शहरातून आलेले भाऊ, भाचे, शेजारी. शेतकरी साठीचा, हाताची बोटं जांभळी-काळी झालेली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, अण्णांनाही नाही. गाईड मध्ये उभा राहून भाषांतर करणार तोवर अण्णा ओळीत शिरलेसुद्धा.

आमच्याकडे वेल मांडवावर किंवा वाय पद्धतीवर, डोक्याच्या वर घड लोंबतात. इथे तारेवर उभी ओळ, घड गुडघ्या-कमरेएवढ्यावर, तोडायला वाकावं लागतं. मणी फुगवायचं जीए हे संजीवक नाही, विरळणी नाही, घड लहान आणि गच्च. "बाजारात कोण घेईल असला माल?" असं अण्णा स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी एक काळा मणी तोडला आणि दोन बोटांत दाबला. आपल्या काळ्या द्राक्षाचा, शरद असो की जंबो, रंग सालीत असतो, आतला गर फिका. हा सापेरावी या तिथल्या जातीचा मणी आतूनही लालभडक होता. रस नखाच्या कडेने उतरून मनगटापर्यंत गेला. अण्णांनी ते मनगट आम्हाला दाखवलं, मग शेतकऱ्याला दाखवलं, आणि तो हसून आपले दोन्ही तळहात पुढे करून उभा राहिला.

अण्णांच्या शर्टाच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर होता, रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचा. निघताना त्यांनी तो कधी बॅगेत टाकला मला माहीत नाही. काचेवर दोन थेंब टाकून त्यांनी उजेडाकडे धरला आणि काही न बोलता शेतकऱ्याकडे दिला. त्याने डोळा लावला, मान हलवली, आत जाऊन स्वतःचा घेऊन आला. दोघांनी आळीपाळीने दोन्हींत पाहिलं. चोवीस. आपण खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा ब्रिक्स आले की तोड धरतो. वाईनला साखर जास्त लागते, कारण तीच पुढे आंबते. त्यानंतरचा पाऊण तास गाईडची गरज अधूनमधूनच लागली. काडी कुठे कापायची, किती डोळे ठेवायचे, हे बोटांनीच चाललं होतं. वर्षातून दोनदा छाटणी हे मात्र त्याला पटवायला गाईड लागला. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, वेल आपोआप झोपी जाते, मार्चच्या सुमारास एक छाटणी केली की संपलं. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, वेल झोपत नाही, म्हणून एकदा काडीसाठी आणि एकदा फळासाठी अशी तिला दोनदा छाटून जागं करावं लागतं. "दुप्पट काम," असं त्याने गाईडला सांगितलं. अण्णांना ते फार आवडलं. कोणीतरी परक्याने ओळखलं.

घराला लागून मरानी, म्हणजे वाईनची खोली. आत काहीच दिसत नाही. मातीची जमीन आणि तिच्यात ठिकठिकाणी गोल तोंडं. प्रत्येक तोंडाखाली एक क्वेव्री पुरलेला, अंड्याच्या आकाराचा, माणसाहून उंच मातीचा रांजण, आतून मेणाचा हात दिलेला. आईचं माहेर सांगलीशेजारच्या हरिपूरचं. ती दारातच म्हणाली, "अगं, ही तर पेवं!" हरिपूरला हळद अशीच जमिनीखाली पेवात ठेवायचे. पेवात उतरण्याआधी आत कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, हे तिने आजोबांकडून ऐकलेलं. तिने मला तेच विचारायला लावलं. गाईडने शेतकऱ्याला विचारलं आणि त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. द्राक्ष आंबताना जड वायू निघतो, तो खाली बसतो, मोकळी हवा नसेल तर माणूस जाऊ शकतो. म्हणून या दिवसांत मरानीची दारं-खिडक्या सताड उघडी. आई मान डोलावत ऐकत होती. त्या दिवशी विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तिचा होता.

रीत ऐकायला सोपी आहे. द्राक्षं चुरडून रस, साल, बी आणि काखेतीत बऱ्याचदा देठसुद्धा एकत्रच क्वेव्रीत टाकतात. बाहेरून यीस्ट नाही, सालीवरचंच पुरतं. आंबायला लागलं की साली वर तरंगून थर बनतो, तो दिवसातून अनेकदा लाकडी दांड्याने खाली दाबायचा. आंबणं थांबलं की साली तळाला जातात, मग झाकण लावून मातीने बंद करायचं आणि वसंतात उघडायचं. अंड्याच्या टोकदार तळात आधी बिया बसतात, त्यांच्यावर सालींचा थर, त्यामुळे बियांचा कडवटपणा वर येत नाही. जमिनीखाली तापमान फारसं हलत नाही, वीज लागत नाही. ही पद्धत युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिबिलिसीच्या दक्षिणेला उत्खननात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाईनचे अंश मिळाले आहेत. मी रकात्सितेलीच्या पांढऱ्या द्राक्षाची वाईन चाखली. सालीसकट मुरल्यामुळे रंग केशरी, वास सुक्या जर्दाळूचा, आणि चव तुरट. मला आवडली. ज्यांना गोडसर वाईनची सवय आहे त्यांना पहिला घोट जड जाईल.

जेवण मांडवाखाली. घेवड्याची उसळ मातीच्या भांड्यात, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, काकडी-टोमॅटो, चीज, आणि भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेली लांब, दोन्ही टोकांना निमुळती भाकरी. शेतकऱ्याने पेला उचलून आधी देवाचं, मग गेलेल्या माणसांचं, मग वेलीचं नाव घेतलं. अण्णांसाठी चरकाखालून ताजा रस आणला होता. त्यांनी तो पेला कपाळाला लावला आणि "राम कृष्ण हरी" म्हणाले. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापले पेले उंचावले.

मग भाव निघाला, दोन बागायतदार भेटल्यावर निघणारच. १९८५ साली, सोव्हिएत राजवटीत, गोर्बाचेव्हच्या दारूबंदी मोहिमेत इथल्या बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाची वाईन बंद केली, ती २०१३ पर्यंत, आणि बंदीआधी बाहेर जाणारा बहुतेक माल तिकडेच जायचा. शेतकरी सांगत होता आणि मला आमचे काका आठवत होते. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिकमध्ये वायनरी उभ्या राहिल्या, काकांनीही वाईनच्या जातीची बाग लावली. पुढे मंदी आली, करार केलेल्या कारखान्याने माल उचलला नाही आणि ती द्राक्षं खायच्या बाजारात चालत नाहीत. काकांनी खोडं कुऱ्हाडीने तोडली. अण्णांनी विचारलं, तुम्ही कसे तगलात? त्याने मरानीकडे हात केला. बराचसा माल कारखान्याला जातो, त्याचा भाव कधी बरा, कधी नाही. पण घरचे क्वेव्री आधी भरायचे, उरलं ते विकायचं. भाव पडला त्या वर्षी मालक काही रिकाम्या हाताने बसला नाही.

माझं मन अजून त्या वाक्याशी अडकलेलं आहे. आमच्याकडे पेटी गाडीत चढली की द्राक्ष आमचं राहत नाही. व्यापारी पैसे बुडवून पळाला, तर पोलीस ठाण्यात जायचं, एवढंच हातात उरतं. आम्ही वाईन करावी असं मी म्हणत नाही, अण्णांच्या घरात ती होणारही नाही. पण इतक्या पिढ्या द्राक्ष पिकवून आमच्या घरात द्राक्षाचा एकही टिकाऊ पदार्थ होत नाही, बेदाणासुद्धा आम्ही दुकानातून आणतो, हे मला त्या अंगणात बसून पहिल्यांदा टोचलं.

संध्याकाळी बोद्बे आणि सिघनाघी. बोद्बेच्या मठात संत निनोची समाधी आहे, चौथ्या शतकात तिने या देशात ख्रिस्ती धर्म आणला. तिचा क्रूस द्राक्षाच्या काड्यांचा, स्वतःच्या केसांनी बांधलेला, असं सांगतात, म्हणून जॉर्जियातल्या क्रूसाचे आडवे हात जरा खाली झुकलेले काढतात. अण्णांनी तिथे बराच वेळ हात जोडले. सिघनाघी डोंगरमाथ्यावरचं गाव, राजा एरेक्ले दुसरा याने १८व्या शतकात बांधलेल्या तटबंदीतून पूर्ण खोरं दिसतं. सुंदर आहे, गर्दीही तेवढीच आहे. वेळ कमी असेल तर इथला तासभर कमी करा, बागेतला नको.

तिथल्या बाजारात चुर्चखेलाच्या माळा टांगलेल्या असतात. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, गव्हाचं पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात पुन्हा पुन्हा बुडवायचे आणि वाळवायचे. महिनोन् महिने टिकतात. शेतकऱ्याच्या बायकोने आईला रसाला पीठ किती, कुठवर आटवायचं, हे चमच्यावर दाखवून शिकवलं होतं, आणि आईने ते बोर्डिंग पासच्या मागे लिहून घेतलं. फेब्रुवारीत आमची तोड सुरू होईल तेव्हा निर्यातीच्या पेटीतून बाजूला काढलेले मणी, जे आजवर मातीमोल जातात, त्यांतला पहिला घमेलाभर आईने स्वतःसाठी मागून ठेवला आहे. अक्रोड महाग पडतील, म्हणून निम्म्या माळा शेंगदाण्याच्या करायच्या म्हणते. अण्णांचं मत आहे की थॉमसनचा, म्हणजे आमच्या खायच्या द्राक्षाचा, रस पातळ पडेल, त्याला बावीस ब्रिक्सपर्यंत वेलीवरच ठेवू.