थायलंडच्या कारेन डोंगरांत इंग्रजी शिकवायला जाताय? आधी परवान्याचं बघा

उत्तर थायलंडमध्ये, चिअंग माई प्रांताच्या दक्षिण टोकाला ओमकोई नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या कारेन या डोंगरी जमातीतल्या मुलांच्या ख्रिस्ती वसतिगृहात सात महिने इंग्रजी शिकवून गेल्या आठवड्यात परत आले. अजून थकवा उतरलेला नाही. तरी लगेच लिहायला बसले, कारण आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन मुलं त्याच वाटेने निघाली आहेत आणि त्यांना नेमकं तेच सांगितलं जातंय जे मला सांगितलं होतं.

"ही सेवा आहे, नोकरी नाही. पगार नाही म्हणजे कामाचा परवाना लागत नाही. पर्यटक म्हणून शिरा, पुढचं आम्ही बघतो." मला पाठवणाऱ्या संस्थेला तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा हेच उत्तर. हे साफ खोटं आहे. पगार घेता की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. वर्गात उभं राहून शिकवणं हे काम धरलं जातं आणि परदेशी माणसाला त्यासाठी परवाना लागतो, तो स्वयंसेवक असला तरी.

मला हे कळलं दुसऱ्या आठवड्यात, सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. वसतिगृहातली मुलं दिवसा त्याच शाळेत जातात, म्हणून मी दुपारी दोन तास तिथेही शिकवावं असं ठरलं होतं. मुख्याध्यापकांनी पाणी दिलं, विचारपूस केली आणि मग हळूच परवाना मागितला. माझ्याकडे नव्हता. सोबत आलेल्या, वसतिगृह चालवणाऱ्या काकांनी मान खाली घातली. परवाना नसलेल्याला कामावर ठेवलं तर ठेवणाऱ्यालाही दंड होतो. तीसेक लेकरांना भात कसा पुरवायचा याची रोज चिंता करणाऱ्या माणसाला मी त्या दंडाच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं. ती दुपार मी विसरणार नाही.

आता पैशांचं. 'प्रशिक्षण आणि व्हिसा सहाय्य' या नावाखाली माझ्याकडून ३८,००० बाट घेतले. प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांची गाणी आणि खेळ. सहाय्य शून्य. शेवटी सगळं मीच केलं, तेव्हा सरकारी खर्च असा आला: नॉन-इमिग्रंट 'ओ' व्हिसा (स्वयंसेवकांना मिळतो तो) २,००० बाट, वर्षभराचा कामाचा परवाना ३,००० आणि अर्जाचे १००, नंतर मुक्काम वाढवायचे १,९००. बेरीज ७,०००. उरलेले ३१,००० कशाचे, हे मी लेखी विचारलं आहे, उत्तर आलेलं नाही. माझे पैसे मंडळीतल्या लोकांच्या दानातून आले होते, त्यात विधवांचे पैसे होते. म्हणून स्पष्ट सांगते: जी संस्था खर्चाची फोड लेखी देत नाही, तिच्याबरोबर जाऊ नका, मग ती कितीही प्रार्थनाशील वाटो.

योग्य रस्ता असा. तिथे नोंदणी झालेलं प्रतिष्ठान किंवा चर्चचं मंडळ तुम्हाला बोलावणारं हवं. त्यांच्या पत्रावर व्हिसा भारतात असतानाच काढा आणि पोचल्यावर लगेच परवान्याचा अर्ज करा. मला उलट्या क्रमाने जावं लागलं. पर्यटक म्हणून शिरले होते म्हणून देश सोडून लाओसमध्ये जावं लागलं: चिअंग माईहून रात्रभर बस, मग नोंग खाई, मैत्री पूल ओलांडून विआंतिआनमधला थाई दूतावास, तिथे एक कागद कमी म्हणून परत पाठवणी, आणि पुन्हा तीच बस. पाच आठवडे गेले, जे मुलांचे होते.

परवान्यावर काम, मालक आणि ठिकाण लिहिलेलं असतं. वसतिगृहाचा परवाना शेजारच्या गावातल्या वर्गाला चालेल असं गृहीत धरू नका. सरकारी शाळेत शिकवायचं तर शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट वेगळी लागते. मी ती मिळवली नाही, संध्याकाळी वसतिगृहातच शिकवलं, आणि तेच बरं झालं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवायचा असतो. घरमालकाने चोवीस तासांत टीएम ३०, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याचा फॉर्म, भरायचा असतो. तो भरला का ते स्वतः बघा, 'भरला असेल' यावर राहू नका. मुक्कामाची मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड. आणि मध्येच कुणाच्या लग्नाला घरी यायचं असेल तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना काढा, एकदाचा १,००० बाट. तो न काढता विमानात बसलात की तुमचा मुक्कामाचा परवाना तिथेच संपतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

रस्त्याचं थोडक्यात. चिअंग माई ते ओमकोई डांबरी आहे, वळणं फार, पोट रिकामं ठेवा. त्यापुढे गावांकडे जाणारा लाल मातीचा रस्ता जुलैत रस्ता राहत नाही. मोटरसायकलच्या टायरला साखळ्या बांधून पोरं चालवतात, पिकअप असली तर सगळे उतरून ढकलतात. मी एकदा गुडघाभर चिखलात दोन तास चालले. पावसाळ्यात मुलांच्या घरी भेटी द्यायला जाऊ नका, नोव्हेंबरनंतर जा. मार्चमध्ये तर ओमकोईलाच मुळीच जाऊ नका: साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत शाळा बंद असतात, मुलं गावी जातात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर डोंगरांत भरून राहतो. तरीही संस्था मार्चच्या तुकड्या पाठवतात. पैसे मात्र पुरे घेतात.

वर्गाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण कुठल्याच प्रशिक्षणात ती नव्हती. या मुलांची घरची भाषा स्गॉ कारेन. तिच्यात शब्दाच्या शेवटी व्यंजन येतच नाही. त्यामुळे कॅट, कॅप, कॅन हे तिन्ही शब्द त्यांच्या तोंडून एकच होऊन येतात: 'के'. मला आधी वाटलं, मुलं लक्ष देत नाहीत. एके रात्री वसतिगृहाच्या मावशींना त्यांच्या भाषेतले शब्द म्हणायला सांगितले, तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर दोन महिने व्याकरण बाजूला ठेवलं आणि फक्त शब्दांची शेवटं घेतली. ओठ मिटून प, जीभ टेकवून त, तोंडासमोर कागदाचा कपटा धरून तो हलतो का बघायचं. ज्या दिवशी एका आठवीतल्या मुलीने 'कॅप' आणि 'कॅट' वेगळं म्हटलं आणि सगळा वर्ग ओरडला, त्या दिवशी ३१,००० बाट मी विसरले होते. तुमचा उच्चार भारतीय आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नका. परकी भाषा शिकून बोलणारा माणूसच ही अडचण पटकन ओळखतो.

मुलं शिक्षिकेला 'थ्रामू' म्हणतात. स्वतःला 'प्गा क्न्यॉ' म्हणतात. थाई लोकांचा 'गरियांग' हा शब्द त्यांच्यापुढे वापरू नका. आभाराला 'ता ब्लू' म्हणा, चेहरे उजळतात.

सुवार्ता सांगायला जाताय तर हेही ऐका. १८१२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम गावी ज्या पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईला उतरले आणि अडोनिराम जडसन त्याच वर्षी रंगूनला. हॉल-नॉट यांच्यापासून आमचं मराठी मिशन सुरू झालं. जडसनच्या कामातून पुढे १८२८मध्ये को था ब्यू या पहिल्या कारेन माणसाचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या लोकांनीच नंतर ब्रह्मदेशातून इकडच्या डोंगरांत सुवार्ता आणली. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझा हात धरून बसले. म्हणजे या मुलांना विश्वास तुमच्याकडून शिकायचा नाही. पहाटेची प्रार्थना त्यांची स्वतःची, चार स्वरांत गायलेली, आणि ती आपल्याहून चांगली आहे. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच शिकवा. बौद्ध घरातली मुलं वर्गाला येत असतील तर शिकवणीच्या बदल्यात उपासनेला बसवणं हा त्यांच्यावर आणि प्रभूच्या नावावरही अन्याय आहे. तसं करायला सांगणाऱ्या संस्थेला मी नकार दिला, तुम्हीही द्या.

 डिसेंबरची थंडी लक्षात ठेवा. सामानात रंगीत पेन्सिली आणि फुगे भरू नका, त्यांची कपाटं भरलेली आहेत. आधी काकांसारख्या माणसाला फोन करून काय हवं ते विचारा. आमच्याकडे तांदूळ आणि ब्लँकेटं हवी होती. डिसेंबरात दोन-दोन मुलं एका ब्लँकेटखाली झोपत होती आणि कोपऱ्यात स्वयंसेवकांनी आणलेल्या फुग्यांची तीन खोकी न उघडलेली पडली होती.