निफाडच्या थंडीतील एकोणनव्वद पिल्ले

विजेचे रोहित्र जळून वीज गेल्याचा तो दुसरा दिवस होता. निफाड तालुक्यातील एका वस्तीवरून संध्याकाळी सात वाजता फोन आला की, चार दिवसांपूर्वी आणलेल्या कोंबडीच्या शंभर पिल्लांपैकी काही मेली असून बाकीची सारखी ओरडत आहेत. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी या भागात अनेक वर्षे काम केले आहे. याच तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान हिवाळ्यात कित्येकदा राज्यातील नीचांकी असते, हे मला ठाऊक होते. वाटेत द्राक्षबागांमध्ये मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटलेल्या दिसल्या, तेव्हाच रात्र कशी जाणार याची कल्पना आली.

पिल्लांसाठी बागेच्या कडेला पत्र्याचे छप्पर होते आणि त्याच्या तिन्ही उघड्या बाजूंना ताडपत्री बांधलेली होती. घर दोन खोल्यांचे, त्यात बाळंतीण आणि तान्हे मूल, त्यामुळे पिल्ले आत नेण्याचा प्रश्नच नव्हता. घरच्या वहिनींनी आपल्या परीने उपाय केला होता. ताडपत्री सगळीकडून घट्ट आवळून त्यांनी मध्यभागी छाटणीच्या ओल्या काड्यांची शेगडी पेटवली होती. आत शिरताच माझे डोळे झोंबले. नऊ पिल्ले कोपऱ्यात एकाखाली एक दबून मेली होती आणि उरलेली त्याच कोपऱ्यात चढाओढीने शिरत होती.

मी आधी शेगडी बाहेर काढली आणि ताडपत्रीची एक बाजू वर केली. वहिनी घाबरून म्हणाल्या, "डॉक्टर, अहो, गारठून मरतील ना पिल्लं!" त्यांची भीती खरी होती, परंतु कोंडलेल्या जागेत धुमसणाऱ्या जाळातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू थंडीपेक्षा लवकर जीव घेतो, आणि त्याला वासही नसतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करता येते. अंगावर नुसती लव असल्याने त्यांना स्वतःची उष्णता टिकवता येत नाही. एवढे मोठे छप्पर त्या थंडीत तापवणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून मी जागाच लहान करायचे ठरवले. घरात बांबूची तीन डालगी होती. ती आतून गोणपाटाने मढवली, तळाशी कोरडा गव्हाचा भुसा चांगला जाड अंथरला. अंगणात पाण्याचा बंब होताच. तो पेटवून लिटरभराच्या बाटल्या कढत पाण्याने भरल्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळल्या आणि प्रत्येक डालग्यात मधोमध दोन-दोन ठेवल्या. वरून लुगड्याच्याच पट्ट्या अशा सोडल्या की त्या पिल्लांच्या पाठीला टेकतील, कारण कोंबडीच्या पिसांखाली त्यांना असाच स्पर्श मिळतो. गोधडीने तोंड झाकताना हवेसाठी मूठभर फट राखली.

वस्तीवरील आजी इतका वेळ ओट्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी कोंबडी तीन दिवस झाले खुडूक बसलीय. तिच्याखाली सरकवा की काही." खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, हे मला सुचायला हवे होते. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि गरजेप्रमाणे ती पिल्लांना जवळ घेते किंवा मोकळे सोडते. इतकी चोख व्यवस्था आमच्या बाटल्यांना जमणारी नव्हती. तिच्या अंगावर उवा नाहीत ना, हे बॅटरीच्या उजेडात तपासले आणि नंतर अंधार करून बारा पिल्ले एकेक करून तिच्या पंखांखाली ठेवली. थोड्या वेळाने तिचा घशातला बारीक आवाज ऐकू आला आणि आजी समाधानाने उठून गेल्या.

उरलेली एकोणऐंशी पिल्ले तीन डालग्यांत वाटली. गारठून मान टाकलेल्या पिल्लांना आधी ऊब दिली आणि ती हालचाल करू लागल्यावरच कोमट गूळपाण्यात चोच बुडवली. थंड पडलेल्या पिल्लाला थेट पाणी पाजणे घातक ठरते. रात्रभर साधारण दोन तासांनी बाटल्या बदलाव्या लागल्या. तापमापक जवळ होता, तरी मी कानांवर अधिक विसंबून होतो. तीक्ष्ण, अखंड चिवचिव आली की पाणी निवले असे समजावे. दोन वाजता एका डालग्यातील पिल्ले चोची उघडून कडेला सरकलेली आढळली. पाणी फार कढत झाले होते. बाटलीवर लुगड्याचा आणखी एक वेढा गुंडाळल्यावर ती पुन्हा सगळीकडे विखरून, पोटावर पसरून झोपली. वहिनी प्रत्येक फेरीला माझ्याबरोबर होत्या आणि पहाटेपर्यंत आवाजावरून कोणते डालगे निवले आहे, ते त्या माझ्याआधी सांगू लागल्या.

पहाटे दोन अशक्त पिल्ले गेली, एकोणनव्वद वाचली. ऊन अंगणात पोहोचल्यावर आम्ही डालगी उघडली, कोपरे राहू नयेत म्हणून जुना पत्रा गोल वाकवून रिंगण केले आणि पिल्ले त्यात दाण्यावर सोडली. दिवे दुपारनंतर आले. वहिनींनी रिंगणावर बल्ब लावला, पण बंबाशेजारची बाटल्यांची पाटी तीन आठवडे हलवली नाही. आजींनी आपली बारा पिल्ले मात्र परत दिलीच नाहीत.