साखर काढली आणि आंबापोळीला बुरशी आली

थोरल्याच्या खालच्या दाढेत कीड निघाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दाढ दुधाचीच, पण दुखायला लागली की दुधाची काय आणि पक्की काय. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी छिद्र भरलं, हातमोजे काढले आणि विचारलं, "हा दिवसभरात चिकट, गोड काय खातो?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. कारण बडोद्याच्या रावपुऱ्यातून घरी येताना रोज संध्याकाळी फळांच्या जेलीची पाकिटं आणणारा मी.

घरी आल्यावर पाकीट पहिल्यांदाच उलटून वाचलं. पुढच्या बाजूला आंबा, संत्रं, स्ट्रॉबेरी असा सगळा बाजार मांडलेला. मागे पहिलं नाव साखर, दुसरं ग्लुकोज सिरप. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असा नियम आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. फळाचं नाव येईपर्यंत अक्षरं इतकी बारीक झाली होती की चष्मा कपाळावर सरकवावा लागला.

मी हिशेबनिसाचं काम घरून करतो. काटा, वही, आकडे यांची सवय आहे. म्हटलं, याऐवजी आपण घरी आंबापोळी करू, साखरेचा एक दाणा न घालता. मे महिना होता आणि आम्ही राहतो दांडिया बाजारात, जुन्या घरात, वर मोकळी अगाशी, म्हणजे गच्ची. बडोद्याचं मे मधलं ऊन चाळिशीच्या पार जातं. एरवी शिव्या घालतो त्या उन्हाला, त्या वर्षी म्हटलं कामाला लावू.

खंडेराव मार्केटमधून दीड किलो केसर आणले. केसर एवढ्यासाठी की रेषा कमी, रंग आपोआप येतो आणि पिकलेला असेल तर साखरेची आठवणही होत नाही. रस काढला, मिक्सरमधून फिरवला, तूप लावलेल्या एका मोठ्या ताटात ओतला आणि ताट अगाशीवर नेऊन ठेवलं. वरून आईचं जुनं मलमलचं पातळ. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

अगाशीच्या पलीकडच्या कोपऱ्यात समोरच्या गुजराती आजींचा, आम्ही त्यांना बा म्हणतो, छुंदो चालू होता. किसलेली राजापुरी कैरी आणि साखर, वर फडकं बांधलेलं पातेलं, रोज सकाळी उन्हात आणि संध्याकाळी आत. चूल नाही, गॅस नाही. बा रोज एकदा लाकडी चमच्याने ढवळून जायच्या आणि जाता जाता माझ्या ताटाकडे एक नजर टाकायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट टेकवलं. "दीकरा, आ तो हजु काचो छे." म्हणजे बाळा, हा तर अजून कच्चाच आहे. वरची साय तर छान वाळली होती. त्यांनी नखाने ती जराशी उचलली. खाली रस जसाच्या तसा आणि त्याला ताडीसारखा आंबूस वास. कडेला बारीक बुडबुडे आलेले. दीड किलो केसर तुळशीमागच्या खड्ड्यात गेले.

काय चुकलं ते नंतर कळलं. दोन गोष्टी. एक तर थर बोटभर जाड होता. उन्हाने वरचा थर झटकन सुकतो, त्याची झाकणासारखी कातडी होते आणि खालचं पाणी बाहेर यायला वाटच राहत नाही. दुसरं, रस कच्चा होता. कच्च्या रसात जे काही जिवंत असतं ते अशा उबेत आपलं काम करतच राहतं. रस शिजवून घेतला की ते थांबतं आणि पोळी काळी पडायचंही कमी होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा दीड किलो. या वेळी वही उघडली. साली-कोयी जाऊन रस भरला 850 ग्रॅम. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंधरा मिनिटं, दोन चमचे लिंबाचा रस घालून, सतत हलवत. शिजताना रस असा उडतो की मनगटावर अजून डाग आहे. तीन ताटांत पातळ पसरला, तोही नुसता ओतून नाही. ताट टेबलावर दोनदा आपटायचं म्हणजे रस आपसूक सारखा बसतो आणि आतली हवा निघून जाते. मधला भाग कडेपेक्षा किंचित पातळ राहिला तर बरा, कारण कडा आधी सुकते. ताटं लाकडी चौरंगावर ठेवली आणि चौरंगाचे चार पाय पाण्याने भरलेल्या चार वाट्यांत. ही मुंग्यांसाठीची युक्ती आईची. कबुतरांसाठी युक्ती नव्हती. दुपारी धाकटीला काठी देऊन सावलीत बसवलं, तिने दहा मिनिटं काम केलं आणि मग स्वतःच ताटाची कड चाटली.

संध्याकाळी ताटं आत आणायची. मे मध्ये बडोद्याला सूर्य कलला की हवा दमट होते आणि दिवसभर सुकलेलं रात्रीत परत पाणी ओढून घेतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोळी ताटापासून सुटली. काय दिसत होती! उजेडासमोर धरली तर काचेतून उन्हं यावीत तसा रंग. कात्रीने पट्ट्या कापल्या, गुंडाळ्या केल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या. मुलांनी पहिल्याच संध्याकाळी पाच-सहा संपवल्या. मी बायकोसमोरून दोनदा उगीचच गेलो.

सहाव्या दिवशी डबा उघडला तर गुंडाळीच्या आतल्या वळणावर पांढरट केसाळ ठिपके. एकावर नाही, चार-पाच गुंडाळ्यांवर. आई म्हणाली वरचं पुसून टाक. मी सगळा डबा रिकामा केला, कारण बुरशी दिसते तेवढीच नसते, अशा ओलसर पदार्थात ती आत शिरलेली असते. पण मनात एकच प्रश्न. आईची आंबापोळी आमच्या लहानपणी दिवाळीपर्यंत टिकायची, तीही फ्रिज नसताना. मग माझीच का नाही?

"आई, तू त्यात काय घालायचीस?"

"काय म्हणजे? रस आणि साखर."

"किती?"

"वाटीला अर्धी वाटी. आंबट असला तर जास्त."

इतकी वर्षं मला वाटत होतं साखर चवीसाठी. ती चवीसाठी होतीच, पण तिचं मुख्य काम दुसरं होतं. साखर पाणी धरून ठेवते. पदार्थात पाणी असलं तरी ते बुरशीच्या हाती लागत नाही. बांचा छुंदो वर्षभर बरणीत राहतो तो याच हिशेबाने, कैरीच्या बरोबरीने साखर असते त्यात. मी आरोग्याच्या नावाने साखर काढली तेव्हा घरातला राखणदारच काढला होता, आणि त्याच्या जागी कुणालाच बसवलं नव्हतं.

बिनसाखरेची पोळी टिकवायची तर दोनच वाटा, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. एक, ती आईच्या पोळीपेक्षा जास्त सुकवायची. दोन, तरीही बाहेर ठेवायची नाही. आता परीक्षा अशी घेतो: पोळीच्या मधल्या भागावर बोट दाबायचं, बोटाचा ठसा उठता कामा नये. मग तुकडा दुमडून दाबायचा, सोडल्यावर तो आपोआप उघडला पाहिजे. चिकटून राहिला तर आणखी अर्धा दिवस. तयार झाल्यावर ताबडतोब डबाबंद करायची नाही. गरम पोळी डब्यात गेली की झाकणाला वाफ धरते, मग सगळं मुसळ केरात. पंख्याखाली पूर्ण गार करायची, मध्ये बटर पेपर घालून गुंडाळायची. आठवड्याचं फ्रिजमध्ये, बाकीचं थेट फ्रीजरमध्ये. तिसऱ्या खेपेला 850 ग्रॅम रसाची पोळी भरली 175 ग्रॅम. बाकी सगळं पाणी होतं, ते उन्हाने नेलं.

हे 175 ग्रॅम दीड किलो केसरच्या भावात पडतात, हेही सांगून टाकतो. पाकीट यापेक्षा स्वस्त आहे. घरचं म्हणजे स्वस्त असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वही लिहून बघावी.

जूनच्या मध्यावर पाऊस आला आणि अगाशी बंद. ओव्हनमध्ये करायला गेलो. आमच्या लहान ओव्हनवर सगळ्यात खालचा आकडा 100, तोही या कामाला जास्तच. दारात लाकडी उलथणं अडकवून फट ठेवली म्हणजे वाफ बाहेर जाते. पहिल्यांदा ट्रेला अॅल्युमिनियमची फॉइल लावली होती. पोळी अशी चिकटली की सोलताना चांदीचे कण तिच्यावर राहिले. टाकली. मग बटर पेपरला तुपाचा हात लावून केली, पाच तास लागले, कडा काचेसारख्या कडक झाल्या, मधला भाग ठीक. विजेचं बिल मी वहीत लिहिलं नाही.

पावसाळ्यात म्हणून सुकवण्याचा नादच सोडला. केळं आणि दही, किंवा फ्रीजरमधला उरलेला आंब्याचा रस, कुल्फीच्या साच्यात. त्यात सांगण्यासारखं काही नाही, मुलं खातात. कलिंगडाची पोळी करायचा प्रयत्न केला होता तो तर विनोदच. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, शेवटी ताटावर गुलाबी डाग उरला.

थंडीत मात्र जामफळ आलं, म्हणजे पेरू. आम्ही बडोदेकर घरात जामफळच म्हणतो, पुण्याची मावशी हसते. या फळाने सगळी भरपाई केली. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवायच्या, पुरणयंत्रातून काढायच्या म्हणजे बिया वर राहतात, मग कढईत आटवायचं. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे गर स्वतःहून बांधून येतो, चमचा फिरवला की कढईचा तळ दिसत राहतो. थंडीतली बडोद्याची हवा कोरडी, दोन-तीन दिवसांत पोळी तयार. वर किंचित सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. धाकटी आंब्यापेक्षा हीच मागते. चिकू फेब्रुवारीत करून पाहिले, सोलून चकत्या करून. ते पूर्ण पिकलेले हवेत, नाहीतर चिकाने तोंड तुरटून जातं.

मधल्या काळात वहिनी दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. तिला वाटलं साखर नाही तर थोडा मध घालू, बाळालाही देता येईल. तिथे मी जरा आवाज चढवून नाही म्हटलं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत. पोळीही त्याला नाहीच, चिवट तुकडा घशात बसायची भीती. त्याला चमच्याने पिकलेला चिकू भरवला. तसंच द्राक्षांचं. धाकटी पाच वर्षांची होईपर्यंत आम्ही तिला द्राक्ष उभं चिरूनच दिलं, अख्खं कधीच नाही.

सहा महिन्यांनी दातांची तपासणी होती. मी डबीत दोन पट्ट्या घेऊन गेलो, कौतुकाच्या अपेक्षेने. डॉक्टरीणबाईंनी एक तोंडात टाकली, चावली, आणि जिभेने दाढ साफ करत म्हणाल्या, "चव फार छान आहे. पण दाताला चिकटते की हो!" साखर वरून घातलेली नसली तरी फळाची साखर आटून घट्ट झालेली असते, आणि दातावर बसली की किडीला ती कुठून आली याच्याशी कर्तव्य नसतं. त्यांचं म्हणणं, जेवणाबरोबर द्या, येता-जाता नाही. नंतर खळखळून चूळ आणि रात्री ब्रश. आणि ताजं फळ मिळत असेल त्या दिवशी ताजंच द्या. हे शेवटचं वाक्य ऐकून बायको इतकी हसली की थोरल्याला वाटलं त्याच्या दाताला काहीतरी झालं.

तेव्हापासून घरी फळ कापून देतो आणि पट्टी फक्त शाळेच्या डब्यात, पोळी-भाजीच्या शेजारी, एक. डब्यात कापलेला आंबा दुपारपर्यंत लिबलिबीत होतो, पट्टी होत नाही. एवढीच तिची जागा आहे, पण त्या जागेवर ती चांगली आहे.

यंदा पहिलं ताट एप्रिलच्या शेवटीच घातलं. बा आता गुडघ्यांमुळे अगाशीवर येत नाहीत, म्हणून चौथ्या दिवशी एक तुकडा खाली त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो दुमडला, दाबला, सोडला, उलगडताना पाहिला. काही बोलल्या नाहीत, खाल्ला.

गेल्या आठवड्यात कपडे भिजवताना थोरल्याच्या गणवेशाच्या खिशात जेलीच्या पाकिटाचा रिकामा कागद निघाला, तोच, संत्र्याच्या चित्राचा. विचारलं तर त्याने सरळ सांगितलं. वर्गात आंब्याच्या एका पट्टीला दोन जेली असा भाव चालू आहे, पेरूच्या पट्टीला एकच. सोमवारपासून दोन आंब्याच्या पट्ट्या देता येतील का, हेही त्याने त्याच दमात विचारून घेतलं.