एका वाक्यात दोन मोडल

इंग्रजीच्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलेला एक नियम भाषांतराच्या कामात आजही रोज लागतो. आता नववी-दहावीत असलेल्यांसाठी तोच इथे मांडतो: एका क्रियापदगटात मोडल ऑक्झिलरी (क्षमता, शक्यता, सक्ती असे अर्थ देणारं सहायक क्रियापद) एकच, आणि ती सर्वांत पुढे.

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूप लागतं आणि या ९ जणांना ते नाहीच. म्हणून ‘मला उद्या येता येईल’ याचं ‘आय विल कॅन कम’ होत नाही. कॅनच्या जागी ‘बी एबल टू’ घ्यायचं: ‘आय विल बी एबल टू कम’. मस्टच्या जागी ‘हॅव टू’: ‘यू विल हॅव टू वेट’.

खरी गडबड होते ती ‘जावं लागू शकतं’ इथे. शकतं दिसलं की मुलं ‘कॅन हॅव टू गो’ लिहितात. पण हे शकणं क्षमतेचं नाही, शक्यतेचं आहे. म्हणून ‘मे हॅव टू गो’ किंवा ‘माइट हॅव टू गो’.

भूतकाळात आणखी जपावं लागतं. ‘त्याला जावं लागलं असावं’ म्हणजे ‘ही मस्ट हॅव हॅड टू गो’. हॅव आणि हॅड शेजारी बघून एक खोडायचा मोह होतो. खोडू नका. हॅव परफेक्टचा (पूर्ण काळाचा) आहे, हॅड हे ‘हॅव टू’चं पार्टिसिपल (तिसरं रूप). हॅव काढलात तर मस्टनंतर हॅड येतो, म्हणजे वाक्यच चुकलं.

सेमी-मोडल, म्हणजे ‘हॅव टू’, ‘गोइंग टू’ यांसारखे मोडलचा अर्थ देणारे शब्दगट, मात्र एकमेकांना जोडता येतात: ‘वी आर गोइंग टू हॅव टू वेट’, ‘दे यूज्ड टू हॅव टू वॉक’. पण यूज्ड टू, ऑट टू, हॅड बेटर हे प्रमाण इंग्रजीत मोडलच्या नंतर येत नाहीत. स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेतल्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांच्या बोलींत ‘माइट कुड’ ऐकू येतं. तिथे ते रीतसर आहे, आपल्या उत्तरपत्रिकेत नाही.

नकारात ‘यू विल नॉट हॅव टू पे’ म्हणजे पैसे द्यावे लागणार नाहीत. बंदी घालायची तर ‘यू मस्ट नॉट पे’.

आणि ‘मे बी एबल टू’ मधले मे आणि बी सुटेच लिहा. जोडलेत की त्याचा अर्थ ‘कदाचित’ होतो आणि वाक्याला क्रियापदच उरत नाही.