वॉटर्लूला उतरलेला बिनसामानाचा माणूस

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात एक स्मारक आहे. पुरुष, बाई आणि लहान मूल, ठेवणीतले कपडे घालून सुटकेसींच्या ढिगावर उभे. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' जहाजाने आणि त्यानंतर कॅरिबियन बेटांवरून जे इथे आले, त्यांचं हे स्मारक २०२२ च्या जूनमध्ये उभं राहिलं. गाडीला वेळ असला की मी तिथे रेंगाळते आणि दर वेळी मला सॅम सेल्व्हनच्या कादंबरीतला गॅलहॅड आठवतो. तोही याच स्टेशनात उतरतो, ऐन हिवाळ्यात, पातळ उन्हाळी कपड्यांत. सामान काहीच नाही, जवळ फक्त टूथब्रश.

'द लोनली लंडनर्स' ही १९५६ ची कादंबरी. तिच्यात गॅलहॅड एकदा स्वतःच्या हाताकडे बघत कातडीच्या रंगाशीच बोलायला लागतो. हे सगळं तुझ्यामुळे होतंय, गोरा नाही तर निदान निळा, लाल, हिरवा तरी का नाही झालास? त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही.

सेल्व्हन त्रिनिदादचा, वडील मद्रासकडचे. त्याने ही कादंबरी आधी प्रमाण इंग्रजीत लिहायला घेतली होती. काही केल्या जमेना. मग नुसते संवादच नव्हे, निवेदनही त्रिनिदादच्या बोलीत केलं आणि ती भराभर उतरली. राज्यकर्त्यांची भाषा, त्यांच्याच राजधानीत, पण वळण आपलं! त्याची माणसं बेझवॉटरला नुसतं 'वॉटर' म्हणतात, नॉटिंग हिल गेटला 'गेट'. आपण घरातल्यांची नावं तोडून हाक मारतो ना, तशी.

आणि म्हातारी टँटी! हॅरो रोडच्या दुकानदाराला ती चक्क उधारीवर माल द्यायला लावते. आठवडाभर न्यायचं, शुक्रवारी चुकतं करायचं. तिच्या गावची रीत तशी. मला तर नायक मोझेसपेक्षा टँटीच मोठी वाटते.

मोझेस मात्र लंडनात दहा वर्षं झाली तरी परत जायचं म्हणतो आणि जात नाही. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. गेल्या आठवड्यात त्याच स्टेशनातून आईला फोन केला होता. ठेवताना म्हणाले, "घरी पोचले की बोलते."

"अगं, कधी निघतेयस?" तिने केवढ्या आनंदाने विचारलं.