उपदान आईला, निवृत्तिवेतन पत्नीला

जलसंपदा विभागातले एक कालवा निरीक्षक सेवेत असतानाच गेले. अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा, 26 वर्षे 4 महिने. आस्थापनेचे टेबल माझ्याकडे, म्हणून सेवापुस्तक उघडले. आत दोन कागद निघाले. 1998 साली, लग्नाआधी भरलेल्या उपदानाच्या (ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेपोटी मिळणारी एकरकमी रक्कम) नामनिर्देशनात आईचे नाव. लग्नानंतर दिलेल्या नमुना 3 मध्ये, म्हणजे कुटुंबाच्या तपशिलात, पत्नी आणि दोन मुले.

सासू-सुना एकत्रच आल्या. सुनेने विचारले, "भाऊ, कोर्टाचा वारस दाखला आणावाच लागेल का?" वकिलाकडे कागद देऊनही झाले होते. मी म्हटले, "ताई, थांबा. कुटुंब निवृत्तिवेतनाला तो लागत नाही." कुटुंब निवृत्तिवेतनात नामनिर्देशन नसतेच. पत्नी हयात असेल तर ते तिचे, मग कागदावर कुणाचेही नाव असो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 116 तेच सांगतो. सुरुवातीची काही वर्षे वाढीव दर, नंतर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के.

उपदानाचे तसे नाही. ते नामनिर्देशिताला मिळते. कुटुंबात कुणीच नसलेल्याने पुतण्या किंवा मित्र नेमला असता, तर लग्न होताच ते नामनिर्देशन रद्द झाले असते. पण उपदानाच्या व्याख्येत आई कुटुंबातच येते, म्हणून 1998 चा कागद जिवंत राहिला. गंमत अशी, की कागद मुळात नसताच तर पत्नी, मुलगे आणि अविवाहित मुली यांना समान वाटे मिळाले असते आणि आईचा नंबर नंतर लागला असता. जुने नामनिर्देशन नसलेल्यापेक्षा वाईट ठरते ते इथे. गटविमा आणि भविष्य निर्वाह निधी यांचे कागद वेगळे. एकात बदल केला म्हणून दुसऱ्यात होत नाही.

रक्कम किती? 26 वर्षांच्या 52 सहामाह्या. वरचे 4 महिने, म्हणजे 3 महिन्यांहून जास्त, म्हणून आणखी एक. 53 सहामाह्या, प्रत्येकीला अर्ध्या महिन्याचे वेतन, म्हणजे मासिक वेतनाच्या साडेसव्वीस पट. कमाल मर्यादा 33 पट. वैद्यकीय दाखल्याविना घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा सेवेच्या कालावधीतून वजा होते, म्हणून सेवापुस्तकातली प्रत्येक रजा तपासूनच हिशेब मांडावा.

प्रकरण दोन ठिकाणी अडले. वेतन पडताळणी पथकाला जुन्या वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जास्त आढळली आणि वसुली उपदानातून सुचवली गेली. गट क च्या कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2014 चा निकाल आहे. तो जोडून टिपणी वर पाठवली. दुसरी अडचण नावाची. नमुना 3 मध्ये पत्नीचे सासरचे बदललेले नाव, आधार आणि बँकेत माहेरचे. निवृत्तिवेतनाची प्रकरणे तपासणाऱ्या महालेखापालांकडून हमखास आक्षेप येतो तो इथेच. विवाह नोंदणी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र घेऊन मगच प्रकरण पाठवले. तोवर घर चालावे म्हणून तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन सुरू केले. पुष्कळ कार्यालये हे करायचे टाळतात, का ते कळत नाही.

मध्येच आजींचा अर्ज आला: "मला पैसे नकोत, सुनेला द्या." तो दप्तरी लावला आणि त्यांना समजावले, की आदेश त्यांच्याच नावे निघेल, खात्यावर रक्कम आली, की हवी तिला द्यावी. सून म्हणाली, "त्यांच्या नावावर असू दे की. औषधपाण्याला लागतील."