पितळेच्या पाटीवरचा माणूस कसा वाचायचा

बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग किंवा शोनेबेर्ग भागातून चालताना इमारतींच्या दारासमोर, फुटपाथमध्येच बसवलेल्या पितळी पाट्या दिसतात. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असा दगड. नाझी राजवटीने छळलेल्या आणि मारलेल्या, मुख्यतः ज्यू, माणसांच्या आठवणीसाठी ते त्यांच्या घरांसमोर बसवलेले असतात. 10 सेंटिमीटरचा सिमेंटचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा आणि त्यावर एकेक करून ठोकलेली अक्षरं. गुंटर डेमनिग या कलाकाराने 1990च्या दशकात हे काम सुरू केलं. 2023 साली न्यूर्नबेर्गमध्ये एक लाखावा दगड बसला.

पहिली ओळ बहुधा ‘इथे राहत होती’ किंवा ‘राहत होता’. मग नाव, बाईचं असेल तर माहेरचं आडनावही, आणि जन्माचं फक्त साल. पुढे नाझींनी छावणीकडे किंवा वस्तीकडे जबरदस्तीने नेल्याचं साल, ठिकाण आणि शेवट. काही दगडांवर ‘मृत्यूकडे पलायन’ असं असतं. याचा अर्थ त्या माणसाने नेण्याआधीच स्वतःचा जीव दिला.

इथून पुढे शोधायचं असेल तर आधी जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचं ऑनलाइन स्मरणपुस्तक, म्हणजे बळी गेलेल्या ज्यूंच्या नावांची यादी, मग बर्लिनची जुनी पत्तापुस्तकं. ती 1943 पर्यंतची आहेत, एका भागात आडनावांनुसार आणि दुसऱ्यात रस्त्यांनुसार. त्यात नावापुढे धंदाही मिळतो. पण नोंद कुटुंबप्रमुखाचीच असते, त्यामुळे बायको आणि मुलं सापडत नाहीत. 1939 पासून ज्यू बायकांना ‘सारा’ आणि पुरुषांना ‘इस्राएल’ हे जादा नाव सक्तीचं झालं, म्हणून त्या काळच्या कागदांत नावं वेगळी दिसतात. युद्धानंतर कित्येक रस्त्यांची नावं बदलली, तेव्हा जुना नकाशा शेजारी हवाच.

सगळ्यात जास्त गोंधळ पत्त्याचा. दगड असतो एका रस्त्यावर आणि नेण्याच्या यादीत पत्ता भलताच. ही चूक नसते. दगड शक्यतो स्वेच्छेने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर बसवतात. 30 एप्रिल 1939च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण गेलं आणि त्यांना एकेका घरात दाटीवाटीने कोंबलं गेलं. यादीत येतो तो तिथला पत्ता.

खरा माणूस भेटतो तो पोट्सडामच्या राज्य अभिलेखागारात. नेण्याआधी प्रत्येकाकडून मालमत्तेचा फॉर्म भरून घेत, बहुतेकदा 16 पानी. त्यात कपाटं, गाद्या, चमचे, अंगावरचे कपडे, सगळं नगावारी. काही फायलींत मागाहून घरमालकाने सरकारकडे मागितलेलं भाडंही सापडतं, कारण खोली सील होती आणि भाडं थकत होतं. त्या एका कागदावर फार वेळ नजर खिळते.

नेल्याची तारीख ताडायला बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनचा 17 नंबरचा फलाट गाठावा; ज्यूंना नेणाऱ्या गाड्या इथून सुटत. तिथे फलाटाच्या कडेने 186 पोलादी पाट्या आहेत, प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते. पहिली गाडी 18 ऑक्टोबर 1941ची.

दगड काळा पडला असेल तर घासायला कोणाची परवानगी लागत नाही. धातूचं साधं पॉलिश लावून थोडा वेळ थांबायचं आणि सुती फडक्याने गोल गोल पुसायचं, घरची समई उजळतो तसंच. तारेचा ब्रश मात्र नको, त्याने पितळेवर ओरखडे उठतात. 9 नोव्हेंबर (1938च्या ज्यूविरोधी दंगलीचा दिवस) आणि 27 जानेवारी (आउशवित्झ छावणी मुक्त झाल्याचा दिवस) यांच्या आसपास शेजारपाजारचे लोक बादली घेऊन गुडघ्यांवर बसलेले दिसतात.